एका आयडीवर सगळा स्टँड

"काका, म्हणजे तुम्ही सगळे मिळून चीटिंग करता!"

माइकवाला असं म्हणाला आणि हिरवळीवर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. ते आधी सांगून टाकतो. मला लबाड म्हटलं गेलं आणि मी हसलो. मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं.

तुंगार्लीतला भाड्याचा बंगला होता. पोहण्याच्या हौदाशेजारी स्टेज, मागे मोठा पडदा. मोबाइलवरचा लढाईचा खेळ बनवणाऱ्या कंपनीने आपल्या जुन्या, निष्ठावान खेळाडूंचा मेळावा ठेवला होता. बाकीचे पुण्या-मुंबईचे, विशीतले. मी पन्नाशीला टेकलेला, पवनानगर ते कामशेत जीप चालवणारा. गेटवरचा माणूस मला म्हणाला होता, "ड्रायव्हर लोकांचं जेवण मागच्या बाजूला." मी फोनवरचं आमंत्रण दाखवलं. त्याने ते वाचलं, मला खालून वर पाहिलं, परत वाचलं. तेही मी गिळलं.

स्टेजवर मला विचारलं, "या वयात एवढा वरचा रँक! सीक्रेट काय, काका?"

मी खरं ते सांगितलं. छाती फुगवून सांगितलं.

आमच्या स्टँडवर गाड्या नंबराने सुटतात. शिटा भरेपर्यंत ड्रायव्हर नुसते बसून. चांगला फोन माझा एकट्याचा होता, तो मी स्टँडवरच ठेवायचो. चालू डावात एखाद्याचा नंबर लागला की त्याने फोन शेजारच्याच्या हातात द्यायचा आणि गाडीवर जाऊन बसायचं. आयडी एकच, स्टँडच्या नावाची. सोबतचे गडी लढत असताना डाव अर्धा टाकून उठणं, याला आम्ही वाईट समजायचो. फोन हातातून हातात गेला तर त्यात खोटं काय, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आमी समदे एकच आयडी खेळतो," मी माइकवर म्हणालो. "माझा नंबर लागला की रफिकभाई धरतो. डाव मरू देत न्हाई."

तेव्हा तो हशा झाला.

पुढच्या रांगेतून कंपनीचे साहेब उठले. हसतच स्टेजवर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता लोकांना म्हणाले, "एक खेळाडू, एक आयडी. रूल सगळ्यांना सेम. चला, फेअर प्ले काय असतो ते लाइव्ह बघू." लॅपटॉपपाशी बसलेल्या मुलीला त्यांनी खूण केली. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. पडद्यावर आमच्या स्टँडचं नाव आलं, मोठं, सोनेरी. मग त्यावर लाल पट्टी चढली. कायमची बंद.

टाळ्या पडल्या. खांद्यावरचा हात तसाच होता.

या कंपनीसाठी मी काय केलं नव्हतं? खेळ नवा होता तेव्हापासून खेळत होतो. जीपच्या मागच्या काचेवर त्यांचं चित्र मी स्वतः चिकटवलं होतं. आमच्याकडे धरणावर तंबूत राहायला येणाऱ्या पाहुण्यांना वाटेत त्यांच्या फोनवर खेळ उतरवून द्यायचो, शिकवायचो. कुणी नावं ठेवली तर भांडायचो. खेळात बिघाड दिसला की त्यांना कळवायचो, त्यांचं उत्तर कधी आलं नाही तरी. आपला खेळ म्हणायचो मी. आपला.

आणि रफिकभाई. त्याला मीच ओढलं होतं यात. घाटात गाडी उलटली तेव्हा त्याचा पाय गेला. गाडी चालवणं सुटलं. मग तो दिवसभर स्टँडवर बसून शिटा पुकारायचा. सगळ्या गाड्या बाहेर असल्या की फोन त्याच्याकडे. खरं तर ती आयडी त्याचीच होती. बाजारात लोक त्याला लंगडा म्हणून हाक मारत. खेळात कुठकुठली पोरं त्याला उस्ताद म्हणत, आपल्या टोळीत या म्हणून विनवत. ते ऐकताना त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी साहेबांना स्टेजमागे गाठलं. रफिकभाईचं सगळं सांगितलं. पायाचंही सांगितलं. त्यांना दया यावी म्हणून मी मित्राचा पाय पुढे केला. याची लाज मला आजही आहे.

साहेब म्हणाले, "अहो काका, मनाला नका लावून घेऊ. कंटेंट आहे तो. आयडी मिळेल की परत. एक छोटासा व्हिडिओ करू. हात जोडायचे आणि म्हणायचं, आमी समद्यांनी चीटिंग केली, माफी करा. तसंच बोला हं, मघाशी बोललात तसं. ते 'समदे' फार क्यूट होतं."

मी हात जोडले. म्हणालो ते सगळं. कॅमेऱ्यामागच्या मुलीने तोंडावर हात दाबला.

"अजून थोडं गावठी येऊ दे," साहेब म्हणाले. "आणि टोपी पाहिजे यार यांना."

कुणीतरी धावत गेलं. तिकडे जेवण वाढणाऱ्यांना पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या वाढप्याच्या डोक्यावरची टोपी काढून आणली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. ती घामाने ओली होती. तो म्हातारा बोडक्या डोक्याने, हातात आमटीची बादली घेऊन, माझ्याकडे बघत उभा राहिला.

"आता त्या लंगड्या मित्राचं नाव घ्या," साहेब म्हणाले. "म्हणा, तोच आमच्यातला मेन चीटर. पायाचं पण सांगा. लोक आधी रडतील, मग हसतील. मस्त जाईल हे."

 त्यांच्या लेखी मी गिऱ्हाईकसुद्धा नव्हतो. मी माल होतो. आणि आता रफिकभाईलाही माल करून मीच त्यांच्या हातात देत होतो.

मी टोपी काढली. चालत जाऊन त्या म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"काय झालं, काका?"

"न्हाई."

"न्हाई म्हणजे? आयडी नकोय?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

"बघा हं. परत चान्स नाही."

मी बंगल्यातून बाहेर पडलो.

कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, प्रिय खेळाडू, तुमचा अनुभव आमच्यासाठी अमूल्य आहे. खाली हसरा चेहरा. परत लिहिलं. परत तेच अमूल्य, तोच चेहरा. दरम्यान त्यांनी माझा जोडलेल्या हातांचा व्हिडिओ टाकूनही दिला. मला विचारलं नाही. आता जीपमध्ये बसलेले पाहुणे मला ओळखतात. "काका, ते समदे म्हणून दाखवा ना!" मी गाडी कडेला घेतो आणि म्हणतो, उतरा.

रफिकभाईने तो व्हिडिओ बघितला. पुढचं, टोपीचं आणि त्याचं नाव न घेतल्याचं, मी त्याला सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवील.

तो म्हणाला, "हात जोडलेच व्हतेस. मंग माझं नाव घ्याया काय जीभ झडली व्हती?"

"त्यांना तुझ्या पायावर हसायचं व्हतं, रफिकभाई."

"हसू दे की! हितं काय हसत न्हाईत? तुझी अब्रू राखलीस तू. माझं व्हतं तेवढं गेलं."

मी उठून गाडीत जाऊन बसलो. 

परवा कंपनीतून फोन आला. साहेबच होते. व्हिडिओ फार चालला म्हणे. आता पुण्यात मोठा कार्यक्रम, तिथे मी यायचं, तसंच बोलायचं. "आयडी लगेच चालू करतो, काका. सगळं जुनं तसंच्या तसं." आवाज मोठा होता, स्टँडवर सगळ्यांना ऐकू गेला.  रफिकभाई कठड्यावर बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. विनवणी करायची सवय नाही त्याला. तरी त्या नजरेत ती होती.

मी म्हणालो, "साहेब, चोरी आमी केली न्हाई. हात जोडायचं आसंल तर आता तुमी हितं या."

पलीकडून हसू आलं. मग फोन कट झाला.

रफिकभाईने काठी उचलली आणि तोंड फिरवून निघून गेला. अजून माझ्याशी बोलत नाही. चूक नाही त्याची.

ते पुन्हा फोन करतील. आणखी काही देऊ करतील. मी पुन्हा नाही म्हणेन. रफिकभाई समोर बसून माझ्याकडे तसंच बघत असला, तरीही नाही म्हणेन.