दुपारच्या सुट्टीतला वाचक

मेलेल्या माणसांवर मी पैसे कमावले. हे वाक्य माझ्या भावाचं आहे, पण खोटं नाही, म्हणून मीच आधी लिहून टाकते.

पाटोद्याच्या बाजारपेठेत एक झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले तेव्हा मी तिथं कामाला लागले. मालक लिंगायत वाणी समाजातले, कपाळाला भस्म, बोलणं हळू. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. लग्नसराईत लग्नपत्रिकांचं काम असायचं आणि ती सरली की दहाव्याच्या पत्रिकांचं. दहाव्याच्या पत्रिकेत माझा हात लवकर बसला. कुणाला 'वैकुंठवासी' लिहायचं, अप्पांच्या समाजात 'लिंगैक्य', मुसलमानाच्या घरातून कागद आला तर 'इंतकाल'. लग्नपत्रिकेतल्या चुकीवर लोक हसतात, पण दहाव्याच्या पत्रिकेतली चूक नातवंडांपर्यंत सांगत बसतात.

तालुक्याला ब्रॉडबँड आलं तेव्हा अप्पांनी मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर टाकले. गिऱ्हाईक नसलं की मी तिथं बसायचे. ब्लॉग काढा आणि घरबसल्या डॉलर कमवा, असा एक लेख वाचनात आला. तुम्हाला मनापासून आवडतं त्यावर लिहा, असं त्यात होतं. मला त्या दिवसांत मनापासून काहीच आवडत नव्हतं. आधी रांगोळ्या टाकून पाहिल्या, मग भाज्या, मग उपवासाचे पदार्थ. काळं कुत्रं फिरकलं नाही. एकदा कंटाळून दुकानात आलेली निधनाची बातमी टाकली, शेजारच्या गावातल्या एका पोस्टमनची. संध्याकाळपर्यंत खाली माणसांची रांग लागली. कुणी चाकणहून, कुणी सुरतेहून, कुणी कोल्हापूरकडच्या कारखान्यावरून. "यांच्याच हातची मनिऑर्डर आमच्या घरात यायची," असं एकानं लिहिलं होतं. गाव सोडून गेलेल्या माणसाला गावाकडचं दुसरं काय हवं असतं? कोण गेलं, एवढं कळलं तरी पुरे.

मग मी तेवढंच करायला लागले. बातमी टाकायच्या आधी त्या घरातल्या दोन माणसांशी बोलायचं, हा माझा नियम होता. शेवटी अंत्यविधीची वेळ लिहायची, बहुतेक वेळा 'सायंकाळी चार वाजता'. मेलेल्या माणसाच्या बातमीखाली 'शोकाकुल' म्हणून आपलं नाव यावं यासाठी जिवंत माणसं काय काय करतात ते मी तेव्हा पाहिलं. गल्लीतले होतकरू पुढारी पैसे घेऊन दुकानात यायचे, वर नाव जाड अक्षरात पाहिजे म्हणून भांडायचे. माझी पहिली कमाई तीच. डॉलर वाटेत होते. मराठी पानांना जाहिराती मिळत नसत, म्हणून मी वर चार ओळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचे. त्या ओळी वाचून तिकडची कंपनी जाहिराती लावायची, आणि त्या असायच्या अमेरिकेतल्या शवपेट्यांच्या. चकचकीत लाकूड, पितळी कड्या, आत पांढरी मऊ गादी. आईला एकदा दुकानात नेऊन दाखवल्या.

"मेल्यावर एवढी मऊ गादी?" ती म्हणाली. "जित्तेपणी का देत न्हाईत कुणी?"

आई अशीच होती. तिच्याशी बोलताना कधी हसावं आणि कधी गप्प बसावं हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, भोसरीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. मी नवऱ्याकडून परत आले तेव्हा तो मला परत पोचवायला आला होता. माझ्या पाठीवरचे वळ आईनं त्याला दाखवले. तो म्हणाला, असं घरोघरी असतं. आई म्हणाली, माझ्या घरी नसतं. तेव्हा तो म्हणाला, "ही या घरात हाय तोवर मी पाय ठेवणार न्हाई," आणि गेला. आईनं मला ठेवून घेतलं आणि त्याला घालवलं. तिनं हे मला एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

ब्लॉगला मी एक काउंटर लावला होता. कुठल्या गावातून, किती वाजता कुणी पान उघडलं ते तो दाखवायचा, आणि मोठ्या कंपनीचं इंटरनेट असलं तर कंपनीचं नावही. एक दिवस त्यात दादाच्या कारखान्याचं नाव दिसलं. दुसऱ्या दिवशीही दिसलं. रोज दुपारच्या सुट्टीत, जेवणाच्या वेळेला, तिथून कुणीतरी पान उघडत होतं. त्या कारखान्यात पाटोद्याचा दुसरा कुणी नव्हता. मी आईला सांगितलं. त्या दिवसापासून मी घरी पोचले की उंबऱ्यात बसलेली आई आधी तेच विचारायची.

"आज आलता का?"

"आलता," मी म्हणायचे. ज्या दिवशी आला नसेल त्या दिवशीही म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात आई माळवदावर कुरड्या वाळत घालत होती आणि कावळ्यानं तिच्या डोक्यावर झडप घातली. पदर ओढला, केसांना पाय लागले. चुलती शेजारच्याच घरात राहायची. तिनं ते पाहिलं आणि गल्ली गोळा केली. डोक्याला कावळा शिवला की मरण जवळ आलं, असं आमच्याकडं धरतात. त्यावर उतारा एकच. जिवाभावाच्या माणसाला मेल्याची खोटी बातमी कळवायची. तो रडला की मरण टळतं, मग खरं सांगून मोकळं व्हायचं. पूर्वी त्यासाठी तार करत.

"पोराला कळवा," चुलती म्हणाली. "त्येच्याशिवाय कोण रडणार हाय?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "टाक माझं बी तुझ्या त्या कम्प्युटरवर."

मी नाही म्हणाले. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आईचाही असेल असं मला वाटत नव्हतं. तिला पोरगं बघायचं होतं. मी माझा नियम सांगितला, घरातल्या दोन माणसांना विचारल्याशिवाय मी कुणाचीच बातमी टाकत नाही.

"मग इचार की," ती म्हणाली. "घरात दोनच माणसं हायेत. मी म्हणते मी मेले. आता तू सांग."

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली आणि त्या बघण्यापुढं माझं काही चाललं नाही. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती बातमी लिहिली. नाव, गाव, मागे एक मुलगा, एक मुलगी. अंत्यविधी सायंकाळी चार वाजता. दुपारची सुट्टी झाली की काढून टाकायची असं ठरवलं होतं. दुपारी काउंटरमध्ये कारखान्याचं नाव दिसलं, आणि मी पान पुसायला हात घातला तोच लाइट गेली. भारनियमन. दुकानातला इन्व्हर्टर झेरॉक्सच्या मशीनला जोडलेला होता. दादाला फोन लावला तर बंद.

तो दिवेलागणीला आला. आई उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस दिसला, अनवाणी, डोक्याचा गोटा केलेला. मी ओळखलंसुद्धा नाही. चारच्या आत पोचणं होत नाही, आईचं तोंड आता दिसत नाही, असं धरून त्यानं जामखेडच्या स्टँडवर गाडी बदलताना न्हाव्यासमोर बसून केस उतरवले होते. आईला बघून तो जागच्या जागी थांबला. मग खाली बसला, मातीतच. आई उठली, सूप लवंडलं. तिनं जाऊन त्याच्या तुळतुळीत डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

"माझ्यासाठी केलास रं," ती म्हणाली आणि रडायला लागली. ज्यानं रडायचं होतं तो कोरडाच होता.

त्यानं तिचे हात बाजूला केले. माझ्याकडं बघून विचारलं, "तू टाकलंस?"

"मी टाकायला लावलं," आई म्हणाली. "कावळा शिवला व्हता."

"तू गप." ते त्यानं आईला म्हटलं. मग मला म्हणाला, "मेलेल्या माणसांवर पैसे कमावतीस. आता जित्त्या आईला बी मारलंस का?"

त्याच्यासाठी भरून आणलेला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तो आला त्याच पावली स्टँडकडं गेला. चुलती म्हणाली, रडला नाही, उतारा झाला नाही. मी तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आई मात्र त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. "आला तर खरं," एवढंच म्हणाली.

पुढं मी माफीचा मजकूर टाकला. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं. शोकाकुल पुढारी कमी झाले. बातमी टाकली की आता दुकानात फोन यायचे, "खरी का?" आणि त्याच महिन्यात डॉलरचा पहिला चेक आला, कारण आईच्या खोट्या बातमीएवढं कुठलंच पान उघडलं गेलं नव्हतं. लेखात लिहिलं होतं ते खरं निघालं, घरबसल्या पैसे आले. आईला सांगितलं.

"माझ्या मढ्यावरचं हाय," ती म्हणाली, "मलाच कायतरी आण."

मी पिंजाऱ्याकडून नव्या कापसाची गादी भरून आणली. त्या गादीवर ती थंडीपर्यंत झोपली. दादाच्या कारखान्याचं नाव काउंटरमध्ये परत दिसलं नाही. संध्याकाळी ती विचारायची, मी 'आलता' म्हणायचे. तिला कळत होतं असं मला वाटतं.

थंडीत एका सकाळी ती उठली नाही. मी चहा घेऊन गेले, हाक मारली, हात लावला. हात गार होता. कावळ्यामुळं नव्हे. छातीत दुखतंय असं दोन दिवस म्हणत होती आणि दवाखान्यात चल म्हटलं की दुसरंच काहीतरी काढायची.

दादाचा फोन लागेना. दुकान उघडवून मी ब्लॉगवर बातमी टाकली. नवीन लिहायला हात चालेना. जुना मजकूर माझ्याकडं होताच, तोच घेतला, तारीख तेवढी बदलली. पहिली प्रतिक्रिया कुण्या अनोळखी माणसाची आली. "परत कावळा शिवला का?"

घरी आले तेव्हा बायका जमल्या होत्या, चुलती गळा काढून रडत होती. तेवढ्यात दादाचा फोन लागला.

"दादा, माय गेली."

तो म्हणाला, "खरं?"

"खरं. शपथ."

"तू तर रडत बी न्हाईस."

मला खरंच रडू येत नव्हतं. सकाळपासून आलं नव्हतं. मी म्हणाले, "घरात सगळे रडायलेत, थांब, ऐक," आणि फोन हातात धरून बायकांकडं केला. बायकांनी पाहिलं, कुणाचा तरी फोन आलाय. कोण बोलतंय, काय म्हणतंय ते ऐकायला सगळ्या एकदम गप्प झाल्या. चुलतीनं पदर तोंडाला लावला. अख्खं घर चिडीचूप झालं.

"रडा की!" मी ओरडले. "रडा!"

ते त्याला ऐकू गेलं. त्यानं फोन ठेवला, आणि मग तो बंदच राहिला.

चारपर्यंत वाट पाहिली. चुलत भावानं अग्नी दिला. दोन दिवसांनी तोच भोसरीला जाऊन सांगून आला, तेव्हा दादा दहाव्याला आला. डोक्यावर केस वाढलेले होते. न्हावी वस्तरा घेऊन बसला होता, त्याच्यासमोर तो बसला नाही. "मी माझे एकदा दिलेत," एवढंच म्हणाला. माझ्याशी बोलला नाही. मलाही त्याच्याशी बोलायचं नव्हतं.

सुतक फिटल्यावर दुकानात गेले. ब्लॉग बंद करायचा होता. पुसण्याआधी सवयीनं काउंटर उघडला, आई गेली त्या दिवसाचा. त्यात दादाच्या कारखान्याचं नाव होतं. माझा फोन झाल्यानंतर त्यानं ते पान उघडलं होतं. थोड्या वेळानं परत. मग परत. दुपारच्या सुट्टीची वाट न बघता, कामाच्या वेळेत, तो तेच पान सारखं उघडत होता. मजकूर तोच, वेळ तीच, तारीख तेवढी नवी. त्या पानावरून त्याला काय कळणार होतं? शेवटचं त्यानं उघडलं ते चारला. त्यानंतर कारखान्याचं नाव नव्हतं.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि घरी आले. उंबऱ्यात कुणी नव्हतं. चपला न काढता तिथंच उभी राहिले.

"माय, आलता गं," मी मोठ्यानं म्हणाले. "आज खरंच आलता."

आणि तेव्हा मला रडू आलं.