गुणाबाईची धग

गुणाबाई सावली या बाजाराच्या गावाहून कोसभरावरच्या एका खेड्यात राहायची. घरी नवरा मुखरू आणि ती, दोघंच. लेकी आपापल्या घरी नांदत होत्या. बाई काटक. धानाच्या रोवण्यात तिच्या बरोबरीनं चिखलात सरकत जाणारी दुसरी बाई गावात नव्हती. वय शेहेचाळीस असेल नाहीतर अठ्ठेचाळीस, तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

चौपन्न सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. चार महिने तिची पाळी आली नव्हती, आणि तिच्या मनात भलताच संशय शिरला. धाकट्या लेकीला, इंदूला, तिकडे सिंदेवाहीला सातवा लागलेला. मायलेकींचं एकाच साली बाळंतपण म्हटल्यावर लोक काय म्हणतील, या धाकानं ती विहिरीवर बायांची नजर चुकवू लागली.

मग एका सकाळी वेगळंच घडलं. अंगणात शेकोटीभोवती शेजारपाजारचे सगळे कुडकुडत बसले होते. एकाएकी गुणाबाईच्या छातीतून धग उठली, मानेवरून चढत तोंडावर आली, आणि ती घामानं चिंब झाली. मुखरूनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार.

"ताप त नाई," तो म्हणाला. "मंग घाम काऊन?"

गुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

तिनं भागीरथा सुईणीला गाठलं. भागीरथानं पोट चाचपलं आणि मान हलवली. "पोट नाई हे. तुझी येळ सरली, बाई."

"मंग हे आग कायची व्हय?"

"अंगातलं रक्त आटलं का होते कोनाकोनाले. मासोळी खा, कोंबडीचा रस्सा पी. ताकत येईल."

पोर नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. मात्र आपलं काहीतरी कायमचं संपलं म्हणून दोन दिवस तिला जेवणही गेलं नाही. एकाच गोष्टीचं बरंही वाटतं आणि वाईटही, हे तिनं आधी कधी अनुभवलं नव्हतं.

मुखरू बोडीतली, शेताजवळच्या लहान तळ्यातली मासोळी आणायचा, ती पोटभर खायची. महिना गेला तरी धग कमी होईना. दिवसातून सात-आठदा यायची. सुपात धान पाखडतापाखडता रडू यायचं आणि कशाचं रडू ते सापडायचं नाही.

माघात ती सावलीच्या बाजाराला गेली. जंगलातून रानभाजी, कांदे-कंद घेऊन येणारी सोमारी नावाची म्हातारी गोंड बाई तिच्या ओळखीची होती. भाव करतानाच धग आली. गुणाबाई टोपलीजवळ मटकन बसली आणि पळसाच्या पानानं वारा घेऊ लागली.

सोमारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुले बी होते काय हे? मले तीन साल होतं."

"कायनं गेलं?"

"सासूनं मासोळी, मटन बंद केलं. जवस, तीळ, उडदाची दाळ, रानची भाजी. बस, येवढंच."

"पन जवस त गरम असते ना, बाई?"

"असते."

"मंग आगीवर आग काऊन टाकाची?"

"मले काय मालूम," सोमारी म्हणाली. "तिनं देल्लं, मी खाल्लं."

एक म्हणते मासोळी खा, दुसरी म्हणते सोड. दोघीही वयानं मोठ्या, दोघींचा स्वर सारखाच ठाम. गुणाबाईनं वाटभर विचार केला आणि घरच्या कोठीतले जवस भाजायला घेतले ते केवळ एवढ्यासाठी, की मासोळीचा उपाय करून झाला होता.

ती मुखरूला मासोळी रांधून वाढायची आणि स्वतः जवसाची चटणी, उडदाचं वरण, हरभऱ्याची भाजी घेऊन वेगळी बसायची. गावात बोलवा झाली की गुणाबाईनं उपदेश घेतला, माळ घातली. मुखरूनं आठ दिवस हे पाहिलं. नवव्या दिवशी ताटावरून न उठता त्यानं विचारलं, "माह्यासंग जेवाले तुले आवडत नाई काय आता?"

तिला हसावं की रडावं कळेना. बाप्याला सांगायची ही गोष्ट नव्हे, पण अडखळत तिनं सांगितली. त्यानं सगळं ऐकलं. त्याला त्यातलं किती समजलं कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून तोही जवसाची चटणी मागू लागला.

चैत उजाडेपर्यंत धग दिवसाला दोन-तीनदाच येऊ लागली. झोप लागू लागली. जवसाचा गुण आला, असं तिनं मनाशी ठरवलं.

पण इंदूच्या बाळाच्या बारशाला विहीणबाईंनी आग्रहानं मासोळीचा रस्सा वाढला आणि गुणाबाईला नाही म्हणवेना. जेवून ती दुपारभर भिंतीला टेकून धगीची वाट पाहत बसली. आलीच नाही. घरी परतल्यावर तीन दिवस तिनं निव्वळ डाळ-भाजी खाल्ली, आणि चौथ्या दिवशी भर सकाळी धग कडकडून आली.

पुढं दोन वर्षांनी ती पुरती थांबली. जवसानं, की तिची मुदत भरली म्हणून, हे गुणाबाईला शेवटपर्यंत उमगलं नाही. शेजारच्या आशाबाईलाही तशीच धग येऊ लागली, तेव्हा ती लाजत लाजत उपाय विचारायला आली. गुणाबाई उठून घरातून वाटी घेऊन आली.

"जवस खाऊन पाय," ती म्हणाली. "मले बरं वाटलं. कायनं वाटलं, ते मात्र इचारू नको."

आणि वाटीभर भाजलेले जवस तिनं आशाबाईच्या पदरात ओतले.