भांगाची ओहोटी

पद्मजाबाईंच्या तोंडी लागायची आमच्या शाळेत कुणाची टाप नव्हती. त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. मी कविता वाचायला घेतली की त्या डबा उचलून दुसऱ्या खोलीत जात. वाघोलीत शाळेभोवतीची शेतं बिल्डरांनी घेतली, आयटीवाल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, शाळाही बघता बघता इंग्रजी माध्यमाची झाली. तरी दर हिवाळ्यात बाई नववीची सहल कोकणातच नेत, श्रीवर्धनपुढच्या एका खडकाळ किनाऱ्यावर. अमावास्येला समुद्र पार मागे हटतो आणि एरवी बुडालेले खडक पहाटे उघडे पडतात. तिथल्या डबक्यांतले खेकडे, समुद्रफुलं, तारामासे मुलांना दाखवताना ही खाष्ट बाई चक्क हसायची. वर्गात ते हसू कुणी पाहिलं नव्हतं.

निवृत्तीच्या वर्षी संस्थेनं अट घातली. मुलांना काही दिसलं, आवडलं, तर सहल पुढे चालू राहील. नाहीतर नववी एखादी कंपनी बघायला जाईल. आपण गेल्यावरही मुलांनी त्या खडकांवर जावं, एवढंच बाईंना हवं होतं.

पालकसभेत पालक संघाचे अध्यक्ष विक्रमराव उठले. दिवसभर अमेरिकेशी फोनवर बोलणारा सॉफ्टवेअरवाला माणूस. "बाई, सहलीच्या दिवशी अमावास्या आहे. आम्ही काही मानत नाही हो, पण मुलं पाण्याजवळ... रिस्क कशाला? आठवड्यानं जाऊ."

"आठवड्यानं अष्टमी. म्हणजे भांगाची ओहोटी. पाणी हटायचं नाही."

"भांग होळीला हो, बाई!"

सभा खदखदून हसली. भरती-ओहोटीचा जोर ओसरतो त्याला कोकणात भांग म्हणतात, हे सरळ सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण बाई कसल्या! "तुमची उतरली की बोलू," म्हणाल्या. हशा थांबला. विक्रमराव लालबुंद झाले आणि सहल अष्टमीलाच जाईल असं तिथल्या तिथे ठरलं. मला त्यांचा राग आला, तसाच बाईंच्या जिभेचाही आला.

अष्टमीला दुपारी ओहोटी लागली. लागली आपली म्हणायची. पाणी जरासं सरकलं आणि थांबलं. वरचे कोरडे खडक तेवढे दिसत होते, बाईंचे खडक पाण्याखालीच राहिले. मुलं थोडा वेळ उभी राहिली, मग क्रिकेट खेळू लागली.

बाईंनी पदर खोचला आणि त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या. वाकून खडक चाचपू लागल्या. एका लाटेनं त्यांना डोक्यापर्यंत भिजवलं.

"बाई, मागे या!" मी ओरडलो.

"आहेत इथेच. थांबा, लागेल हाताला."

हाताला काही लागलं नाही. मला तिकडे बघवेना.

त्या बाहेर आल्या तेव्हा श्रद्धा टॉवेल घेऊन धावली. वर्गातली सगळ्यांत हुशार, बाईंची लाडकी. अगदी मायेनं म्हणाली, "मॅम, तुम्ही कशाला भिजलात? स्टारफिशचे फोटो मी नेटवरून काढून ठेवलेत. त्यात सगळं नीट दिसतं."

आता बाई हिला फाडून खाणार, म्हणून मी वाट बघत राहिलो. बाईंनी तोंड पुसलं.

"शहाणी आहेस," म्हणाल्या. "चला, बसमध्ये बसा सगळे."

आणि सगळ्यांच्या आधी त्या स्वतःच बसकडे चालू लागल्या.