माहेरची रक्ततपासणी

माझी धाकटी जाऊ जगावेगळी आहे हे तिच्या लग्नापासून मला माहीत होतं. पण किती जगावेगळी, ते तिच्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर कळलं.

गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते, तिच्यात कॅन्सरची गाठ निघाली. नागपूरला अख्खी ग्रंथीच काढून टाकली. मग कसलासा किरणांचा डोस पाजून तिला एकटीला खोलीत ठेवलं, जवळ कोणाला फिरकू देत नव्हते. मी बाहेर पदर तोंडाला लावून बसलेली, अन् हिचा आतून फोन, "बाई, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मले कोणी चहा मागून नाही राह्यलं." आता अशा बाईसमोर माणसानं रडायचं तरी कसं?

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी यवतमाळला रक्त द्यायचं असतं. आमचे दीर, म्हणजे तिचा नवरा, डॉक्टरसमोर बसले की त्यांची वाचा जाते. म्हणून सोबत मी जाते. शाळा माझी दुसरीतच सुटली, पुढचं वाचणं मी मुलांच्या पुस्तकांवरून अन् किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. त्यामुळं कोणी समजावून सांगणारं भेटलं की मी हलत नाही. आणि आमच्या डॉक्टर मॅडम समजावून सांगणाऱ्यांतल्या.

त्या म्हणाल्या, "काकू, थायरोग्लोब्युलिन नावाचं एक प्रथिन आहे. ते फक्त थायरॉइडच्या पेशीच बनवतात, चांगल्या असोत की कॅन्सरच्या. आता ग्रंथीच नाही, तर ते रक्तात जवळपास दिसायलाच नको. दिसलं, वाढत गेलं, तर कुठं काही उरलंय का ते शोधायचं."

माझ्या डोक्यात ते असं बसलं: घर रिकामं केलं, कुलूप लावलं. आता त्या घरावरून धूर निघायला नको. निघाला, तर आत कोणीतरी चूल पेटवली समजायचं. हे मी जावेला बसमध्ये सांगितलं तर ती म्हणाली, "बाई, तुम्ही डॉक्टर झाल्या असत्या तं दवाखान्यात नुसता सैपाकच शिजला असता."

पहिला रिपोर्ट आला तेव्हा त्या प्रथिनाचा आकडा अगदी बारका होता. त्याच्या आधी चोच उघडल्यासारखी खूण. म्हणजे याच्यापेक्षाही कमी, मशीनला धड सापडतच नाही. सोबत आलेले दीर लॅबच्या बाकावरून उठूनच उभे राहिले. "चाल, आताच्या आता कळंबले जाऊ. चिंतामणी गणपतीले पेढे नेऊ."

जाऊ जागची हलली नाही. तिचं बोट खालच्या ओळीवर. "अन् हे काय हाये? हे काहून एवढं मोठं?"

ती ओळ ॲंटिबॉडीची होती. आम्ही परत मॅडमकडे. त्या म्हणाल्या, "बरं झालं विचारलं. काहींचं शरीरच त्या प्रथिनाच्या विरोधात ॲंटिबॉडी तयार करतं. त्या असल्या की प्रथिनाच्या तपासणीत घोळ होतो. प्रथिन असलं तरी मशीन कमी दाखवू शकते. म्हणून यांच्या त्या बारक्या आकड्यावर मी एकदम खूश होणार नाही."

"मंग भरोसा कायचा धराचा?" जाऊ म्हणाली.

"या दुसऱ्याच आकड्याचा. ग्रंथी गेली, की हळूहळू ॲंटिबॉडीही कमी व्हायला हव्यात. वेळ लागतो, कधी वर्षं लागतात. उतरत राहिला तर चांगलं. चढायला लागला तर मी तपास करीन. पण एका कागदावर हसायचं नाही अन् रडायचंही नाही."

दाराबाहेर आल्यावर जाऊ मला म्हणते, "तुमच्या घराभोवती धुवारी हाये, बाई. धूर निघते का नाही, ते आता दिसतच नाही. धुवारी उठेपर्यंत दम धरा लागते." आमच्याकडं हिवाळ्यात पहाटे तुरीच्या फुलावर जे धुकं बसतं त्याला धुवारी म्हणतात. मॅडमनी एवढं सांगितलं होतं, पण मला सगळं उमगलं ते त्या एका शब्दानं.

घरी दिरांचा जीव पेढ्यांतच अडकलेला. "मंग कळंबले जाचं का नाही?"

"जाऊ ना," ती म्हणाली. "गणपतीले भेटाले जाऊ. कागद दाखवाले नाही."

पुढं दर खेपेला तो आकडा थोडा थोडा उतरत गेला. ना तिनं कधी पेढे वाटले, ना कधी कपाळाला हात लावला. मला तिचा हेवा वाटायचा. मी तर कापसाला दोन बोंडं जास्त दिसली तरी शेजारणीला हाक मारणारी बाई.

अन् मग या हिवाळ्यात ती उमरखेडला माहेरी गेली, भाचीच्या साखरपुड्याला. भाऊ साडी घेऊन द्यायला निघाला. ही म्हणाली, "कपाटात ठेवाले जागा नाही." आता बहिणीला रिकाम्या हातानं पाठवलं तर लोक काय म्हणतील? "मंग तुले काय पाह्यजे ते तरी सांग," भाऊ म्हणाला. हिनं थट्टेत म्हटलं, "रक्त तपासाचं हाये या हप्त्यात, ते करून दे." भावानं ते मनावरच घेतलं. सकाळी मोटारसायकलवर बसवून तिथल्याच लॅबमध्ये घेऊन गेला. भावजयीनं निघताना हळदकुंकू लावलं. म्हणजे लोकांना माहेरची साडी मिळते, हिला माहेरची रक्ततपासणी मिळाली.

ती सासरी परतल्यावर रिपोर्ट आला, तर ॲंटिबॉडीचा आकडा मागच्यापेक्षा कितीतरी वर.

भावाचा फोन मीच उचलला होता. मग तिच्या हातात दिला. पलीकडून त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता, "ताई, साडी घेतली असती तं बरं झालं असतं वं." तिनं त्यालाच समजावलं. फोन ठेवला अन् मला म्हणाली, "बाई, उद्या यवतमाळ." बस, एवढंच. परत आलं का, हा शब्द तिनं काढला नाही. अन् आम्हा सगळ्यांच्या मनात तर तोच होता.

भावानं सकाळीच यवतमाळला आणून दिलेल्या कागदावरचं लॅबचं नाव मॅडमनी पाहिलं. "हे दुसऱ्या लॅबचं आहे. यांची मशीन वेगळी, तपासायची पद्धत वेगळी. ॲंटिबॉडीचे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. वाढलं नसेलच असंही मी म्हणणार नाही. आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये परत द्या. गळ्याची सोनोग्राफीपण करू."

"म्हणजे एका गावच्या पायलीनं मोजलं अन् दुसऱ्या गावच्या पायलीनं ताडलं," जाऊ म्हणाली. मॅडम हसल्या. मला काही हसू आलं नाही.

रक्त दिलं, अन् मग रिपोर्टची वाट. तोवर उमरखेडहून बातमी साऱ्या भावकीत पोहोचली होती. आमच्याकडं आजाराची बातमी कळली की माणूस घरी थांबत नाही, केळी अन् बिस्किटाचा पुडा घेऊन निघतो. ओसरी भरली. आमची मोठी नणंद तर दारातूनच सुरू झाली, "काय वं, केवढी वाळली तू! अन् तो गळा तं पाह्य!"

जावेनं तिच्यासमोर सुपात तुरीच्या हिरव्या शेंगा आणून ठेवल्या. "ताई, रडा ना. पण हात कायले रिकामे ठेवता?"

"आम्ही तुले पाहाले आलो, अन् तू आम्हाले कामाले लावून राह्यली?"

"मंग? मी काय टीव्ही हावो, नुसतं पाहाले?"

नणंद डोळे पुसत पुसत शेंगा सोलायला लागली. मग दुसरी बसली, तिसरी बसली. एकीनं सुरू केलं, "आमच्या गावात एका बाईले असंच झालतं, अन् मंग तिले..."

"तिच्या शेंगा कोण सोलत होतं?" जाऊ म्हणाली.

ओसरी अशी हसली की दीर गोठ्यातून पळत आले, त्यांना वाटलं काही झालं. पाटीभर सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, निघाले. संध्याकाळी तिनं सगळ्यांना सोलेभात करून वाढला, वरून फोडणीचं तेल घालून. जाताना नणंद मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, इले भेवच नाही का वं?" मी म्हटलं, "नाही बाई. ही वेगळ्याच मातीची आहे."

रिपोर्टच्या दिवशी मॅडमनी दोन्ही कागद आमच्यासमोर ठेवले, नेहमीच्या लॅबचा मागचा अन् आताचा. आताचा आकडा मागच्याहून खाली. सोनोग्राफीतही गळा साफ.

जावेनं विचारलं, "म्हणजे परत आलं नाही?" तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"आज तरी तसं काहीच दिसत नाही. ॲंटिबॉडी अजून पूर्ण गेल्या नाहीत, पण उतरत आहेत. सहा महिन्यांनी परत द्या. आणि रक्त इथंच द्यायचं बरं, माहेरी नाही."

"माहेरी आता साडीच घेतो," ती म्हणाली. उठली, मॅडमना नमस्कार केला, अन् पिशवी उचलून निघाली. 

बसस्टँडवर आल्यावर म्हणते, "बाई, मले भूक लागली." आम्ही गाड्यावरून आलुबोंडा घेतला, वर तिखट रश्श्याची तर्री. तिनं पहिला घास घेतला, चावला, गिळला, अन् थांबली. गळ्यावरची ऑपरेशनची रेघ वर गेली, खाली आली.

"उतरला," ती म्हणाली. "त्या उमरखेडच्या कागदापासून घास खालीच नाही उतरून राह्यला होता. पाण्याच्या घोटासंगं ढकलत होती."

 एवढ्या माणसांना आग्रह करकरून वाढणारी बाई, अन् तिच्या ताटात काय उरलं हे घरात एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. भेव नाही म्हणे हिला! भेव होतं, आमच्या सगळ्यांच्या मिळून भेवापेक्षा जास्त होतं. तिनं ते फक्त कोणाच्या पानात वाढलं नाही.

माझे डोळे भरले, तर मला म्हणते, "आता कायले रडता? पहिले अजून एक प्लेट सांगा. अन् त्याले म्हणा, तर्री झणझणीत दे."