तिसरी हाक

आमचं ऑफिस ज्या इमारतीत होतं, तिच्याहून उंच बडोद्यात एके काळी काही नव्हतं म्हणे. संस्थानाच्या शेवटच्या वर्षांत बांधलेली. गोलाकार गच्च्या, मोझेकची फरशी, लिफ्टच्या दारावर मजला दाखवणारा पितळी काटा. मग उदारीकरण आलं आणि एकेक कंपनी काचेच्या नव्या इमारतींत पळाली. पाचव्या मजल्यावर आम्ही तेवढे उरलो, मधले मजले ओस. काटा आपोआप फिरतो, अशी आवई उठलीच. मी हसायचे. हसायचे कसली, मारुतीचं नाव घेत जिना उतरायचे!

लिफ्टवाले काका आमच्यासारखेच मराठी, संस्थानी फौजेतल्या घरातले. घरी वाट बघणारं कोणी नाही. ऑफिसात सगळे मला बेन म्हणत, ते एकटे ताई.

एका शनिवारी दुपारी "आवजो, ताई" म्हणून ते गेले. बाकीचेही पांगले. मी एक पत्र टाइप करत बसले. थोड्या वेळानं वीज गेली आणि लिफ्टच्या जाळीतून हाक आली, "ताई!"

आवाज काकांचाच. पण काका तर घरी गेले होते! आई बजावायची, भूत ओळखीच्या आवाजात बोलावतं, पण त्याला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आल्याशिवाय ओ द्यायची नाही.

"ताई!"

ही दुसरी. मी श्वास रोखून उभी. तिसरी काही आली नाही. पर्स उचलली आणि धडाधडा जिना उतरले.

मधे रविवार गेला. सोमवारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली सापडली, आत काका. ओठ फुटलेले, अंगात ताप. मी वर एकटीच राहिलेय हे फाटकाशी लक्षात आलं, म्हणून मला न्यायला ते परत आले होते.

"तिसरी हाक अगदी ओठांवर होती," दवाखान्यात ते कसंबसं म्हणाले. "तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. म्हटलं, ताई असत्या तर ओ दिली असती. मग हे कोण? तोंड दाबून बसलो. नंतर ओरडलो, तर ऐकायला कोणी नव्हतं."

ती पावलं माझीच, हे सांगायला जीभ रेटेना. लाज वाटली, भीती वाटली. उद्या सांगू म्हटलं. सकाळी गेले तर खाट रिकामी.

परवा वासणा भागातल्या माझ्या घरी भर दुपारी कोणीतरी म्हणालं, "ताई." घरात मी एकटीच होते.

पहिल्याच हाकेला मी ओ दिली.