विचारून लावलेला फेस

अकोल्यात बाळापूर रोडवर मी ज्यांच्याकडे दाढी करतो, ते काका फेसाचा ब्रश गालाजवळ आणून थांबतात आणि विचारतात, "लावू का, भाऊ?" खुर्चीत बसलेला माणूस दुसऱ्या कशाला आला असणार? मी कधी उत्तरच दिलं नाही.

त्यांचा नायलॉनचा ब्रश पार झिजला होता, म्हणून दिवाळीला मी पुण्याहून मऊ केसांचा, लाकडी मुठीचा भारी ब्रश आणून दिला. त्यांनी त्यातला एक केस उपटला, काडी ओढून जाळला आणि हुंगला. केस जळाल्याचा वास मलाही आला.

"कोन्या तरी जनावराचा हाये," ब्रश माझ्या हातात परत देत ते म्हणाले. "त्याले कोनी इचारलं होतं का?"

मला रागच आला. दिलेली भेट कोणी अशी परत करतं का? दोन आठवडे मी त्याच ब्रशनं घरी दाढी केली आणि रोज तो प्रश्न आठवत राहिला.

परवा साधा नायलॉनचा ब्रश घेऊन गेलो. काकांनी काडी ओढली. केस वितळून त्याचा बारीक मणी झाला. ते खुशीत हसले, फेस केला आणि ब्रश माझ्या गालाजवळ आणून थांबले.

"लावू का, भाऊ?"

"लावा, काका," मी पहिल्यांदाच म्हणालो.