गैरहजरबाई

आलेल्या माणसांचं बाईंना कौतुकच नसे. गावात तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचं शिबिर व्हायचं, आम्ही दिवसभर लोकांच्या तोंडात टॉर्च मारून दमायचो आणि संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात आकडा सांगायला जायचो. बाई चष्मा वर करून विचारायच्या, "आलेल्याईचं राहू दे. आले नाहीत ते कोन?" म्हणून पाठीमागे आम्ही त्यांचं नाव गैरहजरबाई पाडलं होतं.

बाई निवृत्त डॉक्टर, शेजारच्या मावला गावात राहायच्या. घरोघरी तपासून हा रोग लवकर सापडतो का, या आमच्या अभ्यासाच्या त्या सल्लागार. "ज्याचं तोंड दुखते तो भेतो, शिबिराला येत नाही," त्या म्हणायच्या. "आलेल्याईवरूनच लिहिलं तर गाव साजरं दिसन, पन खोटं दिसन." कापूस वेचायला गेलेल्या बायकांसाठी त्यांनी आम्हाला थेट शेताच्या धुऱ्यावर पाठवलं होतं.

त्यांचा दुसरा प्रश्न म्हणजे "सापडल्यावर काय?" शहरातल्या दवाखान्याने आमच्या रुग्णांसाठी मंगळवार राखून ठेवेपर्यंत त्यांनी पहिलं शिबिरच होऊ दिलं नाही. "इलाजाची सोय नसन तर टॉर्च मारू नका. लोकाईले नुसतं भेववून काय करता?" दोन महिने आम्ही रिकामे बसलो. मला तर त्यांचा रागच आला होता.

आमच्या गावचं काम माझ्याकडे होतं. आपल्या घराचे फॉर्म मी टेबलावर बसूनच भरले. आपलंच घर, त्यात काय तपासायचं? सगळेच तसं करत. तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटं उभी आत मावली पाहिजेत, अशी आमची साधी चाचणी. दादाच्या नावापुढे मी 'तीन' लिहून मोकळी झाले. दादा शिक्षक, पण खिशात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. वर्षभर तो भाकर वरणात भिजवून खात होता आणि ठेच्याला हात लावत नव्हता. हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच मी टॉर्च मारला नव्हता.

बाईंनी फॉर्म चाळले. "तुमा सगळ्याईचेच घरं निरोगी काऊन?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, दादाचं तोंड पाह्यलं का तू?" मी मान खाली घातली. "मंग तोबी गैरहजरच."

त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑटोने घरी आल्या. दादा म्हणाला, "मले काई नाही झालं बाई. तिखट झोंबते तेवढं." बाईंनी तोंड उघडायला लावलं, तर त्याची दोनच बोटं आत गेली. डाव्या गालात पांढरा चट्टा होता. मंगळवारी दवाखान्यात चट्ट्याचा तुकडा काढला. अहवाल आला. रोग अजून नव्हता, पण होऊ शकतो, असं निघालं. खर्रा बंद, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

बाईंना जाऊन आता वर्ष झालं. बातमी कळली तेव्हा मी दादाच्याच तपासणीसाठी दवाखान्यात रांगेत उभी होते. खूप रडले.

या मंगळवारी तपासणी आहे. मधल्या काळात घरी दर रविवारी मीच तोंड पाहते. काल मी टॉर्च काढला, तर दादा "शाळेत काम आहे" म्हणून चहा न घेताच निघून गेला. रविवारी कसली शाळा? चहाच्या कपाला हात लावला नव्हता. मी वहीत त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं, आणि टॉर्च घेऊन शाळेच्या वाटेला लागले.